घटस्फोट, मुलांच्या भेटी आणि रिकामा खिसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोर्टाच्या बाहेर, चहाच्या टपरीवर किंवा महिला कक्षाच्या बाकावर लोक जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. विचारणाऱ्यांत चार घरची धुणीभांडी करून दोन मुलं सांभाळणाऱ्या बायका आहेत आणि सहा महिने लेकीचं तोंड न पाहिलेले रिक्षावालेही आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या कोर्टांना धरून आहेत, आणि बहुतेक हिंदू विवाह कायद्याखाली लग्न झालेल्यांसाठी आहेत. इतरांसाठी शेवटाकडे एक वेगळा प्रश्न आहे.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत. केस लढताच येणार नाही का?

येईल. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांनाही उत्पन्नाची अट नाही. बाकीच्या पुरुषांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांच्या आत असावं लागतं. म्हणजे महिना पंधरा-वीस हजारांवर सिक्युरिटीची नोकरी करणारा माणूस यात सहज बसतो. पण पुरुषांना हे माहीतच नसतं आणि ते सावकाराकडून पैसे उचलून वकील करतात.

जायचं कुठे? जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी माहिती मिळते. आधार कार्ड, आलेली नोटीस किंवा समन्स आणि पुरुष असाल तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला बरोबर न्या. नेमून दिलेल्या वकिलाने तुमच्याकडून फी घ्यायची नसते. झेरॉक्ससाठी म्हणून हजार-दोन हजार मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा. सचिव हे स्वतः न्यायाधीश असतात. वकील बदलूनही मागता येतो.

फुकटचा वकील म्हणजे कामचुकार वकील, असं सरसकट बोललं जातं. मला ते पटत नाही. काही जण खरंच तारखेला उगवत नाहीत, पण पन्नास हजार घेऊन न उगवणारेही कमी नाहीत. वकिलाकडून काम करून घ्यायचा एक उपाय मात्र दोन्हीकडे चालतो. लग्नापासून आजपर्यंतच्या घटना तारखेनुसार दोन पानांत लिहून न्या आणि कागद क्रमाने लावून द्या. पहिल्या भेटीत तासभर रडण्यात गेला तर वकिलाच्या हाती अर्जात लिहिण्यासारखं काहीच लागत नाही.

वकिलाशिवाय स्वतः उभं राहिलं तर?

कौटुंबिक न्यायालय मुळात त्यासाठीच आहे. १९८४च्या कायद्यात असं आहे की तिथे वकील हा पक्षकाराचा हक्क नाही, न्यायालयाने परवानगी दिली तर वकील. प्रत्यक्षात जवळजवळ सगळ्यांना वकील असतो, तो भाग वेगळा. सहमतीचा घटस्फोट, पोटगीचा अर्ज, भेटीचा अर्ज इथपर्यंत नीट वाचता-लिहिता येणारा माणूस स्वतः निभावू शकतो. उलटतपासणीपर्यंत गाडी गेली की मात्र विधी सेवेचा वकील मागून घ्या. समोरचा वकील साक्षीत तुमच्याच तोंडून काय वदवून घेईल, याचा अंदाज येत नाही.

मुंबईत वांद्र्याला, पुण्यात, नागपूरला आणि आणखी काही शहरांत कौटुंबिक न्यायालय आहे. जिथे ते नाही तिथे घटस्फोटाचा अर्ज दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे जातो.

एकूण खर्च किती येतो?

बाई अर्जदार असेल तर कोर्ट फी नाही. पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि लग्नसंबंधातून आलेल्या मालमत्तेच्या वादात स्त्रियांना ती माफ आहे. राज्य सरकारची ती अधिसूचना १ ऑक्टोबर १९९४ची आहे. काउंटरवरचा माणूस तिकीट लावायला सांगू लागला तर या तारखेचा उल्लेख करा. कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्रालाही स्टॅम्पपेपर लागत नाही, साध्या कागदावर चालतं.

खरा पैसा जातो तो बसभाड्यात, टायपिंगमध्ये आणि बुडालेल्या रोजात. तिथेच वाचवायचा. बाईला घटस्फोटाचा अर्ज ती आता राहते तिथल्या कोर्टात करता येतो, म्हणजे माहेरी परभणीला आलेल्या बाईने ठाण्याला खेपा घालायची गरज नाही. नवऱ्याने आधीच ठाण्याला केस घातली असेल तर बदलीचा अर्ज उच्च न्यायालयात करता येतो आणि त्यासाठीही विधी सेवेचा वकील मिळतो. ई-कोर्ट्सचं मोफत अ‍ॅप मोबाइलवर घ्या आणि केसचा सीएनआर क्रमांक, म्हणजे कोर्टाने प्रत्येक केसला दिलेला ओळख क्रमांक, त्यात टाकून ठेवा. आदल्या रात्री पाहिलं की तारीख पुढे गेलेली असली तर कळतं. साहेब रजेवर असल्याचं कोर्टात पोचल्यावर कळणं म्हणजे एक दिवसाचा रोज पाण्यात.

खासगी वकील केलाच तर पहिल्याच दिवशी विचारा: पूर्ण केसचे एकरकमी किती, की तारखेगणिक? आणि दिलेल्या पैशाची पावती घ्या. ती पुढे केसच्या खर्चाची मागणी करताना उपयोगी पडते.

पंचांसमोर नोटरी करून फारकत लिहून घेतली आहे. ती चालेल ना?

नाही. नोटरीचा शिक्का असलेली फारकत ही दोन माणसांतली लिखापढी आहे, घटस्फोट कोर्टाच्या हुकुमानेच होतो. ज्या समाजात काडीमोडाची रूढी पूर्वापार आहे तिथे कायद्याने तिला जागा ठेवली आहे, पण ती रूढी कोर्टात पुराव्याने सिद्ध करावी लागते. पंचांनी सांगितलं एवढ्यावर भागत नाही. अशा कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलं आणि पहिल्या जोडीदाराने तक्रार केली तर तो गुन्हा होतो. खेड्यापाड्यांत आजही हजारो रुपये घेऊन असे कागद करून दिले जातात. तेवढ्या पैशात सहमतीचा खरा घटस्फोट झाला असता.

सहमतीने लवकर आणि स्वस्तात होतो म्हणतात. किती दिवस लागतात?

एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. वेगळं म्हणजे नवरा-बायको म्हणून न राहणं. अर्ज दाखल झाल्यावर सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन 'हो' म्हणायचं. २०१७मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे सहा महिने बंधनकारक नाहीत. फार दिवस वेगळे राहत असाल आणि पैसा, मुलं, दागिने सगळं मिटलं असेल तर न्यायाधीश ते माफ करू शकतात. त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो.

दुसऱ्या तारखेपर्यंत दोघांपैकी कोणीही माघार घेऊ शकतं, हे पक्कं लक्षात ठेवा. म्हणून एकरकमी रक्कम ठरली असेल तर निम्मी अर्ज दाखल होताना आणि निम्मी अंतिम हुकुमाच्या दिवशी, डिमांड ड्राफ्टने, असं संमतीच्या अटींतच लिहा. आणखी एक सापळा असतो. 'मुलाच्या खर्चावरचा हक्क आई कायमचा सोडून देत आहे' असं वाक्य या अटींत घुसवलं जातं. खर्चाचा हक्क मुलाचा आहे, आईला तो सोडता येत नाही. घाईत सही करू नका.

पोटगी कुठल्या कायद्याखाली मागायची? प्रत्येक वकील वेगळं सांगतो.

सगळे बरोबरच सांगतात, कारण वाटा तीन आहेत. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ म्हणायचे ते आता, म्हणजे १ जुलै २०२४पासून, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे. त्यासाठी घटस्फोटाची केस असावी लागत नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५च्या कायद्यात खर्चाबरोबर राहायच्या घराचा हुकूमही मागता येतो. हिंसा झाली असेल आणि डोक्यावर छप्पर नसेल तर हीच वाट धरा. तिसरी वाट घटस्फोटाची केस चालू असतानाची, हिंदू विवाह कायद्याचं कलम २४. यात केस लढायचा खर्चही मिळतो आणि हातात काही नसलेला नवरासुद्धा कमावत्या बायकोकडे मागू शकतो.

तिन्हीत अर्ज करता येतो, पण तिप्पट पैसे मिळत नाहीत. एकीकडे मिळालेली रक्कम दुसरीकडे सांगावी लागते आणि ती वजा होते. कमी पैशात तीन केसेस चालवणं म्हणजे तिप्पट तारखा, त्यामुळे एक नीट चालवा असंच मी सांगेन.

कुठल्याही वाटेने गेलात तरी अंतरिम पोटगीचा, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या खर्चाचा, अर्ज मूळ अर्जाबरोबरच द्या. नोटीस पोचल्यापासून ६० दिवसांत तो निकालात काढावा असं कायदा म्हणतो. कागदावरचे ६० दिवस आणि कोर्टातले ६० दिवस सारखे नसतात, पण न मागितलेलं मिळत नाही. ४ नोव्हेंबर २०२०च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालानंतर दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. पोटगीही अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. म्हणून उद्या-परवा करत बसू नका.

तो म्हणतो नोकरी गेली, हातात काही नाही. मी कसं सिद्ध करू?

पगाराची स्लिप तुमच्या हाती लागणार नाही, हे धरूनच चला. गावाकडे जमीन असेल तर सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन मिळतो, डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत. त्याच्या नावावरची गाडी, मुलाच्या शाळेच्या अर्जात त्याने स्वतः लिहिलेला व्यवसाय आणि उत्पन्न, नव्या बाइकसोबत टाकलेले फोटो, जुन्या पासबुकातल्या पगाराच्या नोंदी, सगळं जोडा. मालकाकडून पगाराचा तपशील मागवावा, असा अर्ज कोर्टाला करता येतो. आणि खरोखर नोकरी नसली तरी धडधाकट माणसाने अंगमेहनत करून बायकामुलांना पोसलं पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये अंजू गर्ग प्रकरणात पुन्हा सांगितलं आहे.

नवऱ्यांनाही एक सांगणं: उत्पन्न खरं लिहा. आई-वडिलांचं औषधपाणी, घराचा हप्ता, हेही पुराव्यासह लिहा. 'माझं उत्पन्न शून्य' असं लिहिणाऱ्या माणसाच्या बाकीच्या म्हणण्यावरही न्यायाधीश विश्वास ठेवत नाहीत आणि त्याची झळ मुलाच्या भेटीच्या अर्जाला बसते.

हुकूम झाला, पण पैसे येत नाहीत.

वसुलीचा अर्ज करा, आणि तो थकल्यापासून एका वर्षाच्या आत करा. कलम १४४मध्ये ही वर्षाची मुदत काटेकोर आहे. तीन वर्षं वाट पाहून आलेल्या बाईचे जुने महिने त्या वाटेने बुडतात. थकलेल्या प्रत्येक महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. तो नोकरीत असेल तर हिंसाचाराच्या कायद्यात मालकाने पगारातून परस्पर द्यावं, असा हुकूम मिळतो. पैसे नेहमी बँक खात्यावर घ्या आणि द्या. रोख दिलेल्या पोटगीवरून जेवढी भांडणं होतात तेवढी रकमेवरूनही होत नाहीत.

तो पैसे देत नाही, मग मी मुलाला का भेटू द्यायचं? / ती भेटू देत नाही, मग मी पैसे का द्यायचे?

हा एकच प्रश्न आहे, फक्त दोन तोंडांनी विचारलेला. या सगळ्या पानात एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

कायद्यात पोटगी आणि भेट ही दोन वेगळी खाती आहेत, एकाची उधारी दुसऱ्यात वळती होत नाही. बापाने पैसे थकवले म्हणून भेट अडवता येत नाही, भेट अडवली म्हणून पैसे थांबवता येत नाहीत. असं करणारी व्यक्ती, मूळ तक्रार तिची खरी असली तरी, कोर्टासमोर स्वतः चुकलेली ठरते. पैसे थांबवलेला बाप भेटीचा अर्ज घेऊन उभा राहिला की समोरचा वकील पहिलं वाक्य थकबाकीचं बोलतो. भेट अडवलेली आई वसुलीला आली की तिला विचारतात, मूल कुठे आहे?

गरिबाला हे फार महाग पडतं. श्रीमंत माणूस दोन्ही आघाड्यांवर वकील लावतो. तुमची एक पोटगीची केस होती, तिची आता वसुली, भेट, अवमान आणि ताबा अशी चार प्रकरणं होतात. तारखा चौपट, रोज चौपट बुडतो आणि मूल मधल्यामध्ये वर्षभर बापाला भेटत नाही. मुलांना पैशाचं काहीही ऐकवू नका. सात वर्षांची पोर भेटायला आल्यावर बापाला पहिलं वाक्य बोलते, 'पप्पा, तुम्ही आईचे पैसे का देत नाही?' हे तिला कोणीतरी शिकवून पाठवलेलं असतं. शिकवलेलं नसेल तर तिने रात्री पांघरुणातून ऐकलेलं असतं.

पैसे खरोखर पूर्ण जमत नसतील तर जमतील तेवढे, पण ठरल्या तारखेला पाठवा आणि रक्कम कमी करून मिळण्यासाठी अर्ज करा. पाचशे रुपयांचीही बँकेत नोंद राहते.

मुलाचा ताबा कोणाला मिळतो? मी गरीब आहे म्हणून मूल त्याला देतील का?

पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहतं, असं १९५६च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात आहे. त्यापुढे एकच कसोटी, मुलाचं हित. त्याच्याकडे दोन बेडरूमचा फ्लॅट आणि तुमच्याकडे दहा बाय दहाची खोली, एवढ्यावरून ताबा जात नाही. ही तफावत भरून काढायला पोटगी आहे. न्यायाधीश बघतात ते असं: मूल रोज कोणाच्या हाताने जेवतं, शाळा कोणती, ती सुटते की टिकते, आजारपणात कोण जागतं, घरात आणखी कोण आहे. शाळेच्या पालकसभेतल्या सह्या, लसीकरणाचं कार्ड, दवाखान्याचे कागद हे तुमचे पुरावे. समज आलेल्या मुलाशी न्यायाधीश त्यांच्या दालनात एकट्याने बोलतात. त्याची इच्छा विचारात घेतात, पण तीच अंतिम नसते.

भेटीच्या अर्जात नेमकं काय मागायचं?

इथे सगळ्यात जास्त ढिलाई होते. 'वडिलांना वाजवी भेट मिळावी' एवढंच लिहिलेला हुकूम म्हणजे पुढच्या भांडणाचं आमंत्रण. वाजवी म्हणजे काय, हे ठरवायला पुन्हा कोर्टात यावं लागतं.

दिवस लिहा: दर महिन्याचा पहिला आणि तिसरा रविवार. वेळ लिहा: सकाळी ११ ते संध्याकाळी ५. जागा लिहा. कोण आणून सोडणार, कोण परत नेणार, उशीर झाला तर किती वेळ थांबायचं, मूल आजारी पडलं तर बदली दिवस कोणता, हेही लिहा. मग सण. दिवाळीचे दिवस एका वर्षी इकडे, पुढच्या वर्षी तिकडे. गावाकडचा गणपती कोणाच्या घरी, मे महिन्याची सुट्टी किती दिवस, वाढदिवसाला किमान दोन तास. मूल वेगळ्या गावी असेल तर प्रवासखर्च कोणाचा, हे लिहिल्याशिवाय सही करू नका. सांगलीहून मुंबईला दर पंधरा दिवसांनी येणं दोघांपैकी कोणालाही परवडत नाही. तिथे महिन्यातून एकदा शनिवार-रविवार मुक्कामी भेट मागणं जास्त शहाणपणाचं.

रोजच्या फोनचंही लिहून घ्या. ताबा नसलेल्या पालकाला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर बोलता आलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२०मध्ये यशिता साहू प्रकरणात म्हटलं आहे. याला फक्त रिचार्जचा खर्च येतो. कॉल लावून देणाऱ्याने बाजूला बसून 'आता हे विचार, ते विचार' करू नये, आणि बापाने 'आई कुठे गेली, कोण आलं होतं' अशी जबानी घेऊ नये.

मूल लहान असेल किंवा वर्षभर भेट झालेली नसेल तर एकदम मुक्काम मागू नका. आधी कोर्टातल्या मुलांच्या खोलीत, समुपदेशकांच्या नजरेसमोर, तासभर. मग बागेत. मग दिवसभर. मॉल टाळा: पैसे उडतात आणि मूल बापाला ओळखण्याऐवजी गेमिंग झोनला ओळखायला लागतं. डब्यात पोहे, एक चेंडू आणि सावलीची जागा पुरते.

मध्यस्थी केंद्रात हे सगळं फुकट ठरवता येतं. कौटुंबिक न्यायालयातल्या विवाह समुपदेशकांनाही पैसे द्यायचे नसतात.

ठरल्या दिवशी मूल आणलंच नाही. काय करू?

शाळेच्या गेटवरून मूल उचलून आणू नका. तिच्या दारात चार भाऊ घेऊन उभे राहू नका. भेटीच्या जागी वेळेवर जा, तिथून साधा मेसेज करा: 'मी ११ वाजता आलो आहे, १२ पर्यंत थांबतो.' पुढे एक शब्द नको. टोमणा मारलेला मेसेज उद्या पुरावा म्हणून निशाणी लागून तुमच्याच विरुद्ध वाचला जातो. वहीत तारीख लिहा. दोन-तीनदा असं झालं की त्याच कोर्टात अर्ज द्या आणि बुडालेल्या भेटींच्या बदल्यात जादा दिवस मागा. हुकूम असूनही सतत मोडला जात असेल तर अंमलबजावणीची दरखास्त आणि अवमानाची वाट आहे. आधी जादा दिवस मागणारा माणूस न्यायाधीशांना मुलासाठी आलेला वाटतो, थेट आईला तुरुंगात टाका म्हणणारा तसा वाटत नाही.

ताबा असलेल्या पालकाने मूल आणता येणार नसेल तर आदल्या दिवशी कळवावं, आजारपण असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो पाठवावा आणि बदली दिवस स्वतःहून सुचवावा.

मूलच यायला नको म्हणतं, रडतं.

याची कारणं वेगवेगळी असतात आणि दोन्ही बाजूंना एकच सुचतं: दुसऱ्याने कान भरले. कधी ते खरं असतं. पण कधी रविवारी सोसायटीत क्रिकेटची मॅच असते. कधी मागच्या भेटीत बापाने पूर्ण वेळ मोबाइल पाहिलेला असतो. आणि बऱ्याचदा मुलाला भीती असते की तिकडे मजा आली तर इकडे आईला वाईट वाटेल. 'जा, मजा कर, संध्याकाळी मला सांग' एवढं आईने दारात हसून म्हटलं तर निम्मं रडणं तिथेच थांबतं. म्हणताना डोळ्यांत पाणी नको, मुलांना ते लगेच दिसतं.

मूल घाबरून रडत असेल, अंगावर वळ असतील, अंथरूण ओलं करायला लागलं असेल तर मात्र ते हट्टात मोजू नका. डॉक्टरांना दाखवा, कागद ठेवा आणि भेट देखरेखीखाली व्हावी असा अर्ज त्वरित करा. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन फुकट आहे.

घरात मारहाण होती. तरीही समझोत्याला बसावं लागेल?

भीती वाटत असेल तर समुपदेशकांना पहिल्याच भेटीत सांगा, एकत्र बसायला नकार देता येतो. संकटात ११२, महिलांसाठी १८१. हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी तुमचा अर्ज फुकट तयार करून कोर्टात देतात. पोलिसांकडे एकट्याने जायची धास्ती वाटत असेल तर महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष आहेत. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेलं हे काम पुढे राज्यभर गेलं. तिथे प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्त्या बसतात. भेटीमुळे मुलाला धोका असेल तर हिंसाचाराच्या कायद्याखाली न्यायाधीश भेट नाकारूही शकतात.

निकाल लागेपर्यंत घर कसं चालवायचं?

तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेची चौकशी करा. घटस्फोटाच्या प्रक्रियेतल्या बायकाही तिथे पात्र आहेत, घटस्फोट होऊन पोटगी न मिळणाऱ्याही. महिना १,५०० रुपये, पण कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० इतकी हास्यास्पद कमी आहे. एकल पालकाच्या मुलासाठी महिला व बालविकास विभागाची बालसंगोपन योजना आहे, दरमहा दर मुलामागे २,२५० रुपये. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून अर्ज आधी टाका. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के प्रवेशात केस चालू असलेल्या आईलाही स्वतःच्या उत्पन्नाचा दाखला देता येतो, नवऱ्याचा मागत बसावं लागत नाही. केस दाखल झाल्याचा कागद जोडावा लागतो.

आजी-आजोबांना नातवाला भेटायचं आहे.

त्यांच्यासाठी वेगळी केस करण्यापेक्षा बापाच्या किंवा आईच्या भेटीच्या हुकुमातच 'आजी-आजोबांच्या उपस्थितीत' असे दोन शब्द घालून घ्या.

आम्ही मुस्लिम आहोत / नोंदणी विवाह केला आहे / ख्रिस्ती आहोत.

घटस्फोटाचा कायदा वेगळा, पण कलम १४४ची पोटगी, हिंसाचाराचा कायदा आणि विधी सेवा सगळ्यांना सारखीच. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही कलम १२५खाली पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ला स्पष्ट केलं. मुलांच्या ताब्यासाठी १८९०चा पालक व पाल्य कायदा सर्वधर्मीयांना आहे आणि अर्ज मूल नेहमी राहतं तिथल्या कोर्टात जातो. एका दमात तीनदा तलाक म्हणणं २०१९पासून गुन्हा आहे.

रात्री झोप लागत नाही. कामावर लक्ष लागत नाही.

१४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. पुरुष फोन करत नाहीत, करावा. तारखेच्या आदल्या रात्री दारू आणि जुने मेसेज, दोन्ही बंद. नातेवाइकांपैकी एकालाच केसची सगळी माहिती द्या. दहा जणांना दिली तर दहा सल्ले येतात आणि त्यातला एक हमखास 'तिला धडा शिकव' असा असतो.

हुकूम झाला. आता संपलं ना?

त्याच दिवशी नकलेचा अर्ज द्या. प्रमाणित प्रतीशिवाय रेशन कार्ड, शाळा, बँक, पासपोर्ट कुठेच काम होत नाही. दोन-तीन प्रती एकदमच मागा, नंतर रेकॉर्डमधून काढायला महिने लागतात. हिंदू विवाह कायद्याखालच्या लढून मिळालेल्या हुकुमावर ९० दिवसांत अपील होऊ शकतं. ती मुदत जाईपर्यंत, आणि अपील झालं असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत, दुसरं लग्न ठरवू नका. घटस्फोट पक्का होतो, मुलांबद्दलचे हुकूम मात्र बदलता येतात. मूल मोठं झालं, शाळा बदलली, कोणाची बदली झाली, खर्च वाढला की त्याच कोर्टात जाऊन दिवस किंवा रक्कम बदलून मागता येते. त्या अर्जाला जुन्या हुकुमाची प्रत लागतेच, म्हणून एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून मुलाच्या जन्मदाखल्याबरोबर ठेवा आणि तिचा फोटो स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवा.